‘घरात कोणी दिसलं नाही की माझी मुलगी रडते’: रॅप्चरबद्दल एका आईला उत्तर

प्रभूमध्ये सलाम.

एका ताईंचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा. माहेर सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतलं, सासर पेंटेकॉस्टल. सासूबाई फोनवर रॅप्चरचे व्हिडिओ बघतात आणि नातीलाही दाखवतात. त्यात विश्वासी माणसं क्षणात नाहीशी होतात, जमिनीवर नुसते कपडे उरतात आणि मागे राहिलेल्यांवर सात वर्षं हाल येतात. मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेतून आल्यावर घरात कोणी दिसलं नाही की ती रडायला लागते, ‘सगळे वर गेले, मी राहिले’ म्हणते. वसईची एक कॅथलिक मैत्रीण सांगते की असलं काही आम्हाला कधी शिकवलंच नाही. ताई विचारतात, मग खरं काय? आणि मुलीला काय सांगू?

ताई, मी एकतीस वर्षं पाळक होतो, आधी जालन्याकडच्या खेड्यांत, नंतर नगर जिल्ह्यात. आता निवृत्त झालो असलो तरी सामान्य विश्वासणाऱ्यांचे शास्त्राभ्यासाचे वर्ग घेतो. तुमच्या मुलीचा प्रश्न मी अनेक घरांत ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सगळ्या मंडळ्यांचं कशावर एकमत आहे ते बघू. उपासनेत आपण प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त येणार, शरीराचं पुनरुत्थान होणार आणि सार्वकालिक जीवन आहे, एवढं त्यात आहे. तुमची वसईची मैत्रीण मिस्सामध्ये हेच कबूल करते आणि सासूबाईंचे पास्टरही हेच शिकवतात. ‘तो येणार’ यावर वाद नाही. तो येण्याआधी, येताना आणि आल्यावर काय कोणत्या क्रमाने घडेल, यावर वाद आहे. दोन हजार वर्षांत एकाही सर्वमान्य मतांगीकारात तो क्रम लिहिलेला नाही. तारणासाठी एखादा क्रम मानणं आवश्यक आहे असं कोणी सांगितलं, तर मंडळीने जे कधी मागितलं नाही ते तो मागतो आहे, हे ध्यानात ठेवा.

रॅप्चर हा शब्द ज्या वचनावरून आला ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, तेराव्या वचनापासून अठराव्यापर्यंत. ‘घेतले जाऊ’ यासाठी ग्रीकमध्ये ‘हार्पाझो’ हे क्रियापद आहे, म्हणजे झपकन उचलून नेणं. लॅटिन भाषांतरात त्याच्या जागी जो शब्द आला त्यातून इंग्रजीत रॅप्चर झाला. त्यामुळे ‘रॅप्चर हा शब्द शास्त्रात नाही’ असं म्हणून विषय झटकून टाकणं बरोबर नाही. शब्द नसला तरी गोष्ट आहे. ती गोष्ट कशी आणि केव्हा, हा प्रश्न आहे.

प्रेषित पौलाने हे पत्र कोणाला लिहिलं ते आधी बघा. साल साधारण इ.स. ५० किंवा ५१. थेस्सलनीकेतली मंडळी जेमतेम काही महिन्यांची होती. प्रभू लवकर येणार म्हणून ती वाट बघत होती, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं मरण पावली. आता आमच्या माणसांचं काय? प्रभू येईल तेव्हा ती चुकणार का? हा त्यांचा प्रश्न होता. पौल उत्तर देतो की चुकणार नाहीत. उलट ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते पहिल्याने उठतील. मग जिवंत उरलेले आपण त्यांच्याबरोबर मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे जाऊ आणि सर्वकाळ प्रभूजवळ राहू.

अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात मी एका शेतमजुराची माती केली होती. पाऊस भुरभुरत होता, खड्ड्यात पाणी साचलं होतं, पोरं डब्यांनी ते उपसत होती. मी हाच अध्याय वाचला. प्रार्थना झाली, लोक मूठमूठ माती टाकून निघाले. त्याची बायको तिथेच उभी राहिली आणि मला म्हणाली, “पाळकसाहेब, प्रभू येईल तवा यांना कळंल ना? हे तर मातीखाली.” पुस्तकं मी बरीच वाचली आहेत, पण हा अध्याय मला समजला तो त्या बाईमुळे. थेस्सलनीकेतली विधवा आणि अंबडची विधवा एकच प्रश्न विचारत होत्या. पौलाने जे लिहिलं ते कबरीजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलं. आपलं माणूस मागे राहणार नाही, हे सांगायला लिहिलं. आज त्याच वचनातून तुमच्या मुलीला ‘तू मागे राहशील’ ही भीती मिळते आहे. ताई, मला या सगळ्यात सगळ्यात जास्त दुःख याचंच होतं.

आता ‘सामोरे’ या शब्दाकडे जरा थांबून बघू, कारण अर्धा वाद त्यात आहे. त्यामागचा ग्रीक शब्द ‘अपान्तेसिस’. कोणी मोठा माणूस नगराकडे येत असला की लोक वेशीबाहेर जाऊन त्याची भेट घेत आणि त्याला मानाने आत आणत, त्या भेटीला हा शब्द वापरला जाई. नव्या करारात तो आणखी दोन प्रसंगी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात मध्यरात्री हाक येते की नवरदेव आला, त्याला सामोऱ्या जा. आणि प्रेषितांची कृत्ये अठ्ठाविसाव्या अध्यायात रोममधले बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे साठेक किलोमीटर, चालत येतात. तिथून पौल त्यांना घेऊन उलट दिशेने निघून गेला का? नाही, ते त्याला घेऊन रोमला परतले.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वऱ्हाड गावच्या वेशीवर आलं की मुलीकडचे वाजंत्री घेऊन सामोरे जातात, सीमांतपूजन होतं आणि नवरदेवाला मांडवात आणतात. वेशीवर भेटून नवरदेवाबरोबर त्याच्या गावाला कोणी निघून जात नाही. त्या अर्थाने वाचलं तर प्रभू इकडे येतो आहे आणि आपण त्याला आणायला पुढे जातो आहोत. शिवाय त्याच वाक्यात आज्ञाध्वनी आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, देवाची तुतारी आहे. एवढा गजर होत असताना ते गुपचूप कसं असेल?

असं असलं तरी दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं सांगायला हवं. भेट झाल्यावर कुठे जायचं, हे वचन स्वतः बोलत नाही. शब्दाच्या रिवाजावरून आपण ते काढतो. आणि तुमच्या सासूबाईंच्या मंडळीतले अभ्यासू लोक केवळ या एका वचनावर उभे नाहीत.

त्यांची मांडणी अशी आहे. दानीएलाच्या नवव्या अध्यायात सत्तर सप्तकं आहेत. त्यांतली एकोणसत्तर ख्रिस्तापर्यंत पुरी झाली, मग मंडळीच्या काळासाठी घड्याळ थांबलं, आणि शेवटचं सप्तक, म्हणजे सात वर्षं, अजून यायचं आहे. तेच महासंकट. ते इस्राएलसाठी आणि अविश्वासी जगासाठी आहे, मंडळीसाठी नाही, म्हणून त्याआधी ख्रिस्त मंडळीला उचलून घेईल. सात वर्षांनंतर तो उघडपणे पृथ्वीवर येईल आणि हजार वर्षं राज्य करील. आधार म्हणून ते देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही हे वचन दाखवतात. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं दिलेलं अभिवचन दाखवतात. आणि प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायानंतर, संकटांचं वर्णन चालू असताना, ‘मंडळी’ हा शब्दच येत नाही, याकडे बोट दाखवतात. हे निरीक्षण अचूक आहे. तो शब्द पुन्हा थेट बाविसाव्या अध्यायात भेटतो.

ही संपूर्ण रचना एकत्र बांधली जॉन नेल्सन डार्बी यांनी. ते आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चचे पाळक होते. १८२७ साली घोड्यावरून अपघात होऊन ते काही महिने अंथरुणाला खिळले. त्या काळात त्यांची खात्री पटत गेली की खरी मंडळी स्वर्गीय आहे आणि या जगातल्या प्रस्थापित चर्चशी तिचं नातं नाही. पुढे ते ब्रदरन मंडळ्यांचे प्रमुख शिक्षक झाले आणि १८३१ पासून पॉवर्सकोर्ट इथे भरणाऱ्या परिषदांत या विषयावर खल होत राहिला. याआधीही अशा विचाराचे तुकडे कुठे कुठे सापडतात असं समर्थक दाखवतात, पण शिकवण म्हणून तो पसरला डार्बींपासून. त्यांच्या जवळच्या वर्तुळातही सगळ्यांना तो पटला नाही. बेंजामिन न्यूटन यांनी उघड विरोध केला. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांनीही संकटाआधी मंडळी उचलली जाईल हे मानलं नाही. म्यूलरांच्या प्रार्थनेच्या गोष्टी सासूबाईंनी नक्की ऐकल्या असतील.

मग ही शिकवण आपल्याकडे घरोघरी कशी पोचली? अमेरिकेतल्या सायरस स्कोफिल्ड नावाच्या वकिलाने, जे पुढे पाळक झाले, १९०९ साली टिपांसह बायबल छापलं. वर वचन, आणि त्याच पानावर खाली डार्बींच्या पद्धतीचा अर्थ. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना वचन आणि टीप एकत्रच दिसायची. काही वर्षांनी टीप कुठे संपते आणि शास्त्र कुठे सुरू होतं, हे लोकांना वेगळं करता येईना. बायबल स्कूल, परिषदा, मग विसाव्या शतकातल्या खपाच्या कादंबऱ्या आणि सिनेमे यांतून ती जगभर गेली. पेंटेकॉस्टल चळवळीने ती बहुतांशी जशीच्या तशी उचलली. आमच्या वर्गात मी लोकांना एक काम देतो: कोऱ्या कागदावर, टिपा नसलेल्या शास्त्रातून, सात वर्षं हा आकडा संकटाशी जोडलेला कुठे सापडतो ते लिहून आणा. लोक दानीएलाकडे जातात, प्रकटीकरणातल्या बेचाळीस महिन्यांकडे जातात, बेरीज करतात. बेरीज करणं चूक नाही. पण ती बेरीज आपण केली, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

संकटाआधी उचललं जाणं न मानणाऱ्यांचा मोठा आधार मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. ‘त्या दिवसांतील संकटानंतर’ मनुष्याचा पुत्र येतो, तुतारी वाजते आणि निवडलेले एकत्र केले जातात, असा क्रम येशू स्वतः सांगतो. फिलदेल्फियाच्या अभिवचनात ‘पासून राखणे’ यासाठी जी ग्रीक रचना आहे ती नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते, योहान १७:१५ मध्ये. तिथे येशू पित्याला म्हणतो की यांना जगातून काढून घे अशी माझी विनंती नाही, तर वाइटापासून राख. म्हणजे राखणं हे बाहेर काढल्याशिवायही होतं. आणि ‘शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ या वचनाच्या लगेच आधी नोहाचा पूर आहे. पुरात वाहून गेले ते दुष्ट, मागे राहिला तो नोहा. तेव्हा ‘घेतला जाणं’ हे सुटका की न्याय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. व्हिडिओत मात्र ते एकाच अर्थाने दाखवतात.

हजार वर्षांचं थोडक्यात सांगतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सहा वेळा हा काळ येतो, दुसरीकडे कुठे नाही. युस्तिन आणि इरेनियससारखे पहिल्या शतकांतले अनेक शिक्षक तो खरा, येणारा काळ मानत. ऑगस्टिनने पाचव्या शतकात सांगितलं की हा ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा, म्हणजे आपलाच काळ आहे. रोमन कॅथलिक, लूथरन आणि बरेचसे रिफॉर्म्ड याच वाटेने गेले. लूथरनांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत पृथ्वीवरच्या अशा राज्याची कल्पना नाकारलेली आहे. कॅथलिक चर्चने १९४४ मध्ये तिचं सौम्य रूपही शिकवणं सुरक्षित नाही असं ठरवलं. म्हणून तुमच्या मैत्रिणीला रॅप्चर ऐकून आश्चर्य वाटतं. तिचं शिक्षण कमी पडलेलं नाही, तिच्या चर्चची वाट वेगळी आहे.

तिसरी एक वाट आहे, ती आपल्या मराठी मंडळीच्या जन्माशी जोडलेली आहे. सुवार्ता पसरत जाईल, जग हळूहळू ख्रिस्ताच्या सत्तेखाली येईल, त्या सुवर्णकाळानंतर तो येईल, ही आशा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन मिशनरींमध्ये जोरात होती. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरलेले गॉर्डन हॉल त्याच पिढीचे. १८१८ साली त्यांनी सॅम्युएल न्यूएल यांच्याबरोबर एक पुस्तिका लिहून जगातल्या साठ कोटी लोकांपर्यंत सुवार्ता नेण्यासाठी हजारो माणसं मागितली. १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने ते गेले. नगरच्या मंडळ्यांचा पाया ज्या मिशनने घातला तिची सुरुवात करणाऱ्यांच्या कल्पनेत जग सोडून उडून जाणं नव्हतं. दोन महायुद्धांनंतर ती उमेद बरीच ओसरली, पण शाळा आणि दवाखाने त्याच उमेदीतून उभे राहिले. दुसरीकडे १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झालं, त्या काळच्या जागृतींत ‘प्रभू लवकर येतो आहे’ ही तळमळ भरून होती, आणि तिथेही अनाथ मुली आणि विधवांची सेवा थांबली नाही. त्याच आवारात रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर करत राहिल्या. प्रभू आज येईल असं मानणारी माणसं वीस वर्षांचं काम हाती घेतात, हे मला फार मोठं वाटतं.

पुण्यातल्या सॅल्सबरी पार्ककडे किंवा औंधला तुमचे कोणी अ‍ॅडव्हेंटिस्ट ओळखीचे असतील तर त्यांचं आणखी वेगळं आहे. येणं एकच आणि सगळ्यांना दिसणारं, हजार वर्षं मात्र तारलेल्यांची स्वर्गात. त्यांची सुरुवात ज्या चळवळीतून झाली तिने दानीएलाच्या २३०० दिवसांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्त येण्याची तारीख काढली होती. लोकांनी त्या वर्षी पिकं शेतात सोडली होती. दुसऱ्या दिवशीचा सूर्य नेहमीसारखा उगवला. त्यानंतर १९४८ ला इस्राएल झालं, त्यात चाळीस वर्षांची एक पिढी मिळवून १९८८ काढलं गेलं. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२, अमेरिकेतून २१ मे २०११, आणि २०२५ च्या सप्टेंबरातली २३-२४ तारीख तर मोबाइलवरून आपल्या घरांतही आली.

२०११ मध्ये आमच्या भागातल्या एका विश्वासी माणसाने बैलजोडी विकली, मुलाची आय.टी.आय.ची फी भरली नाही, सगळे पैसे कोणा प्रचारकाच्या ‘शेवटच्या कापणी’ला दिले. जूनमध्ये पाऊस पडला आणि त्याच्याकडे पेरायला बैल नव्हते. मी आणि मंडळीतले दोघे त्याच्याकडे गेलो. तो ओसरीवर बसला होता, म्हणाला, “देव खोटा का मी खोटा, तेवढं सांगा.” त्या घरातला मुलगा आजही चर्चमध्ये येत नाही. थेस्सलनीकेतही काही जण असेच काम सोडून बसले होते. म्हणून दुसऱ्या पत्रात पौलाला लिहावं लागलं की प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असं कोणी सांगितलं तर गडबडून जाऊ नका, आणि काम करून आपली भाकर खा. तो दिवस, ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्क १३:३२ मध्ये आहे. तारीख सांगणारा पाळक असो, प्रचारक असो की मोबाइलवरचा माणूस, तिथे ऐकणं थांबवा. आधार कार्ड आलं तेव्हा आणि कोविडची लस आली तेव्हा प्रकटीकरणातली ‘श्वापदाची खूण’ म्हणून जे संदेश फिरले त्यांनाही हेच लागू. लोक लस न घेता बसले, त्यांतल्या काहींची माती मीच केली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला तरुणपणी संकटाआधीचं रॅप्चरच शिकवलं गेलं आणि दहा वर्षं मी तेच शिकवलं. वचनं पुन्हा पुन्हा वाचून आता मी मानतो की येणं एकच आहे आणि ते उघड आहे. हजार वर्षांबाबत मी ऑगस्टिनकडे झुकतो, पण त्यावर कोणाशी भांडणार नाही. सासूबाई चुकीच्या ख्रिस्ती आहेत असं मुळीच समजू नका. त्या प्रभूची वाट बघतात, ही मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या कित्येक जुन्या मंडळ्या ती विसरल्या आहेत. त्यांच्याशी वाद मांडू नका. एवढंच म्हणा, “आई, प्रभू येणार हे तिला सांगा, तुम्हीच सांगा. पण ते व्हिडिओ नकोत, ती रात्री झोपत नाही.” आजीला नातीची झोप प्यारीच असणार.

मुलीशी बोलताना ‘असलं काही नसतं’ म्हणू नका. उद्या ती स्वतः शास्त्र वाचेल आणि तिला वाटेल आई खोटं बोलली. तिला सांगा की येशू येणार आहे, तो लपूनछपून येणार नाही, तुतारी वाजवून येणार आहे, आणि येताना कोणाला विसरणार नाही. मेलेल्या माणसांनाही जो विसरत नाही तो शाळेतून घरी आलेल्या मुलीला कसा विसरेल? काही दिवस ती येईल तेव्हा घरात कोणीतरी राहील असं बघा. राहता आलं नाही तर कुठे गेलो, किती वाजता येऊ, ते चिठ्ठीवर लिहून दाराजवळ ठेवा. भीती बोलण्याने अर्धी जाते, उरलेली अशा चिठ्ठ्यांनी जाते. महिन्याभरात झोप सुधारली नाही तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका.

आणि एका संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेला तो अध्याय तिघींनी मिळून वाचा, तुम्ही, सासूबाई आणि मुलगी. तेरावं वचन सासूबाईंना वाचू द्या, तिथे दुःखी माणसांची गोष्ट आहे आणि त्यांनीही आपली माणसं पुरली आहेत. मधली वचनं तुम्ही वाचा. अठरावं मुलीला मोठ्याने वाचायला द्या: या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.